निकाहची डीव्हीडी चालत नाही? फेकण्याआधी डब्यावरचे शब्द समजून घ्या

पंधरा-वीस वर्षांपूर्वी ज्या घरात निकाह झाला, त्या घराच्या कपाटात एक तरी डिस्क सापडेलच. कुणाच्या वलीम्याची, कुणाच्या बिस्मिल्लाहच्या कार्यक्रमाची, तर कुणाच्या मरहूम नानांनी म्हटलेल्या नातची. शेजारी तिलावतीच्या आणि बयानाच्या सीडींचा गठ्ठा असतो. मोबाइल आला आणि या सगळ्यावर धूळ बसली.

मग एखाद्या दिवशी आठवण येते. प्लेअर खाली काढला जातो, डिस्क आत सरकते आणि पडद्यावर 'नो डिस्क' येतं. किंवा चित्र येतं पण आवाज नाही, आवाज येतो पण चित्र काळं-पांढरं. घरातले म्हणतात, "सीडी खराब झाली." दुरुस्तीवाला म्हणतो, "आता हे कोण वापरतं, नवीन घ्या." आणि डिस्क भंगारात जाते.

खरं म्हणजे अशा डिस्कपैकी पुष्कळ डिस्क खराब नसतात. डिस्क एका प्रकारची, प्लेअर दुसऱ्या प्रकारचा आणि टीव्ही तिसऱ्याच प्रकारचा, एवढीच अडचण असते. ती ओळखायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. डब्यावर, प्लेअरच्या तोंडावर आणि रिमोटवर जे शब्द छापलेले असतात, त्यांचा अर्थ कळला की पुरे. तीन प्रश्न क्रमाने विचारायचे: डिस्क कुठली आहे? तिच्यात काय भरलं आहे? आणि ते बाहेर कुठल्या वाटेने येतंय?

दिसायला सारख्या, आतून वेगळ्या

आपल्याकडे प्रत्येक चकतीला 'सीडी' म्हणायची सवय आहे. घोटाळा तिथूनच सुरू होतो. सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे तिघींची रुंदी एकच, १२ सेंटिमीटर. फरक आहे तो आत किती बारीक लिहिलं आहे याचा.

सीडी १९८२ साली बाजारात आली. तिच्यात साधारण ७०० एमबी मावतात, म्हणजे ८० मिनिटांचं ऑडिओ. डीव्हीडी १९९६ साली आली. तिच्या एका थरात ४.७ जीबी आणि दोन थरांच्या डिस्कमध्ये ८.५ जीबी मावतात. २००६ साली आलेल्या ब्लू-रेच्या एका थरात २५ जीबी आणि दोन थरांत ५० जीबी.

अक्षर जितकं बारीक, तितकी वाचणारी किरणं बारीक लागतात. सीडीला इन्फ्रारेड लेसर, डीव्हीडीला लाल आणि ब्लू-रेला निळा-जांभळा. म्हणून डीव्हीडी प्लेअर ब्लू-रे कधीच वाचणार नाही, कितीही पुसा. उलट ब्लू-रे प्लेअर मात्र डीव्हीडी वाचतो आणि बहुतेक वेळा सीडीही. तुमच्या प्लेअरवर सीडी चालते पण एकही डीव्हीडी चालत नसेल, तर दोष डिस्कमध्ये शोधू नका. डीव्हीडी वाचणारा लेसर थकलेला किंवा भिंगावर धूळ बसलेली असण्याची शक्यता जास्त.

डिस्कवर 'आर' आणि 'आरडब्ल्यू' ही अक्षरंही असतात. 'आर' म्हणजे एकदाच लिहिता येणारी, 'आरडब्ल्यू' म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी. डीव्हीडीत 'वजा आर' आणि 'अधिक आर' असे दोन गट आहेत. जुने प्लेअर त्यातला एकच गट वाचत, नंतरचे दोन्ही वाचू लागले. लग्नाच्या डिस्क जवळजवळ सगळ्या 'आर' प्रकारच्या असतात. त्यांच्या पाठीवर जांभळट झाक दिसते. ती झाक म्हणजे रंगाचा थर आणि तुमचं शूटिंग त्याच थरात आहे. दुकानात मिळणाऱ्या कारखान्यात छापलेल्या डिस्कमध्ये असा रंग नसतो. ऊन, उष्णता आणि दमट हवा या रंगाला सोसत नाही. म्हणून दुकानातून आणलेली बयानाची डिस्क अजून ठणठणीत आणि त्याच कपाटातली निकाहची डिस्क अडखळते, असं होतं.

आणखी एक शब्द आहे: 'फायनलाइज'. हॅंडीकॅममधल्या छोट्या ८ सेंटिमीटरच्या डिस्क किंवा डीव्हीडी रेकॉर्डरवर भरलेल्या डिस्क शेवटी 'फायनलाइज' कराव्या लागतात, म्हणजे वहीला अनुक्रमणिका लावून ती बंद करण्यासारखं. ते राहिलं असेल तर शूटिंग डिस्कमध्ये असूनही दुसऱ्या प्लेअरला ती कोरी वाटते. ज्या कॅमेऱ्यात भरली, तो नातेवाइकांत कुणाकडे पडून असेल तर त्याच कॅमेऱ्याच्या मेनूमधून हे काम करून घ्या.

आत काय भरलं आहे?

एकाच सीडीवर तीन प्रकारचा माल असू शकतो: ऑडिओ सीडी, एमपी-३ सीडी आणि व्हीसीडी.

तिलावतीचं उदाहरण घ्या. ऑडिओ सीडीत दर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेतले जातात, प्रत्येक नमुना १६ बिटचा आणि डावा-उजवा असे दोन चॅनल. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होतात. यालाच 'बिटरेट' म्हणतात. या हिशेबाने एका डिस्कवर ८० मिनिटं बसतात. संपूर्ण कुरआनची तिलावत, कारी किती गतीने पढतात त्याप्रमाणे, वीस-पंचवीस तासांच्या पुढेमागे जाते. म्हणजे ऑडिओ सीडीवर तिचा पंधरा-वीस डिस्कचा डबाच होणार.

एमपी-३ मध्ये आवाज दाबून भरतात. कानाला जे फारसं जाणवत नाही ते वगळलं जातं. १२८ किलोबिटवर एका सीडीत सुमारे १२ तास बसतात आणि ६४ किलोबिटवर सुमारे २५ तास. म्हणून तीसही पारे एका-दोन डिस्कवर येतात. एकट्या कारींचा आवाज असेल, मागे वाद्य नाही, तर कमी बिटरेटही चालून जातो. पण ३२ किलोबिटवर आणलं की 'सीन' आणि 'साद'मधला फरक धूसर होऊ लागतो. मुलांना तजवीद शिकवण्यासाठी तिलावत निवडताना हा आकडा नक्की बघा. तिथे १२८ असलेलं बरं.

लक्षात ठेवा, फार जुन्या सीडी प्लेअरला आणि गाडीतल्या डेकला एमपी-३ समजत नाही. प्लेअरच्या तोंडावर एमपी-३ हे चिन्ह नसेल आणि डिस्क चालत नसेल, तर डिस्क ठीकच आहे असं समजा.

व्हीसीडी म्हणजे सीडीवर बसवलेला व्हिडिओ. पाल पद्धतीत तिचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. डीव्हीडीचं ७२० बाय ५७६, म्हणजे चौपटीहून थोडं अधिक. ब्लू-रेचं १९२० बाय १०८०. म्हणून २००० सालच्या आसपासची लग्नाची व्हीसीडी आजच्या मोठ्या टीव्हीवर लावली की चेहरे पुसट दिसतात. त्यात तितकेच ठिपके आहेत, डिस्क 'उतरलेली' नाही.

बिटरेटचा संबंध चित्राशीही आहे. ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर दोन तासांचं शूटिंग चांगलं बसतं. शूटिंगवाल्याने मेहंदी, निकाह, रुखसती आणि वलीमा असे चार तास एकाच डिस्कवर कोंबले असतील तर प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला निम्मीच जागा येते. मग माणसं हलली की चौकोन चौकोन दिसू लागतात. ज्यांची मूळ टेप किंवा कॅमेऱ्यातली मूळ फाइल अजून शूटिंगवाल्याकडे असेल, त्यांनी ती आधी मागून घ्यावी. डिस्कपेक्षा तीच मोलाची.

दुबईची डिस्क पुण्यात का अडते?

कोकणातल्या आणि मुंबईतल्या कितीतरी घरांत प्लेअर आणि डिस्क आखातातून आल्या. इथे 'रीजन कोड' हा शब्द आडवा येतो. सिनेमा कंपन्यांनी डीव्हीडीसाठी जगाचे सहा भाग पाडले. अमेरिका आणि कॅनडा १ मध्ये, युरोप, जपान आणि सौदी, दुबईसह आखात २ मध्ये, तर भारत आणि पाकिस्तान ५ मध्ये. २ क्रमांकाचं कुलूप असलेला प्लेअर ५ ची डिस्क नाकारतो. ब्लू-रेचे भाग वेगळे आहेत, आखात 'बी'मध्ये आणि भारत 'सी'मध्ये. डब्याच्या मागे पृथ्वीच्या गोळ्यात एक आकडा छापलेला असतो, तो हाच. तिथे '०' किंवा 'ऑल' असेल तर कुठेही चालेल.

घरगुती शूटिंगच्या डिस्कला मात्र हे कुलूप नसतं. निकाहची डीव्हीडी चालत नसेल तर रीजनला दोष देऊ नका.

तिथे दुसरा शब्द बघा: 'पाल' आणि 'एनटीएससी'. या टीव्हीच्या दोन पद्धती आहेत. भारतात आणि आखातात पाल चालते, त्यात सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेत आणि जपानमध्ये एनटीएससी, त्यात जवळपास ३०. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर दोन्ही चालवतात, पण सेटिंग चुकलं तर चित्र काळं-पांढरं होतं किंवा वर-खाली सरकत राहतं. रिमोटवरच्या पाल/एनटीएससी बटणाने किंवा मेनूत 'ऑटो' निवडून हे सुटतं. अमेरिकेतल्या खालाला इथल्या लग्नाची डीव्हीडी पाठवणार असाल तर मात्र आधी विचारा, कारण तिथले बरेच प्लेअर पाल डिस्क घेत नाहीत. कॉम्प्युटरला दोन्ही सारख्याच.

चेहरे रुंद का दिसतात?

जुनी शूटिंग ४:३ या प्रमाणात असतात, म्हणजे जवळजवळ चौकोनी. आजचा टीव्ही १६:९, म्हणजे लांबट. टीव्हीने चित्र ताणून बसवलं की नवरदेव जाडा आणि बुटका दिसतो. मेनूत 'ॲस्पेक्ट रेशो'मध्ये ४:३ निवडा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, येऊ द्या. चित्र तेवढंच आहे.

'अपस्केलिंग' हा शब्द विक्रेते फार वापरतात. प्लेअर डीव्हीडीचं चित्र मोठ्या टीव्हीच्या आकाराला नीट बसवून देतो, एवढाच त्याचा अर्थ. जे कॅमेऱ्याने टिपलंच नाही ते अपस्केलिंगने येत नाही. फक्त लग्नाची डीव्हीडी बघायची असेल तर त्यासाठी महाग प्लेअर घेऊ नका.

'इंटरलेस्ड' आणि 'प्रोग्रेसिव्ह' हेही दिसतं. ५७६ च्या पुढे 'आय' असेल तर चित्राच्या ओळी एकाआड एक, दोन खेपांत दाखवल्या जातात. 'पी' असेल तर सगळ्या एकदम. हललेल्या हाताभोवती कंगव्यासारख्या रेघा दिसत असतील तर प्लेअरमध्ये 'प्रोग्रेसिव्ह' चालू करून बघा.

आवाज गेला कुठे?

चित्र व्यवस्थित आणि आवाज नाही, ही नेहमीची तक्रार. मेनूतल्या 'डिजिटल ऑडिओ'मध्ये दोन पर्याय असतात: 'बिटस्ट्रीम' आणि 'पीसीएम'. बिटस्ट्रीम म्हणजे प्लेअर बंद पाकीट पुढे पाठवतो आणि ते फोडायचं काम टीव्हीने किंवा होम थिएटरने करायचं. पीसीएम म्हणजे प्लेअरने पाकीट स्वतः फोडून आवाज मोकळा करून दिला. टीव्हीला ते पाकीट फोडता येत नसेल तर शांतता. पीसीएम निवडा, बहुतेक वेळा आवाज परत येतो.

'डॉल्बी डिजिटल ५.१' किंवा 'डीटीएस' म्हणजे पाच स्पीकर आणि घुमणाऱ्या आवाजासाठी एक जास्तीचा. यात माणसाचं बोलणं मुख्यतः मधल्या स्पीकरला दिलेलं असतं. तुमच्याकडे दोनच स्पीकर असतील आणि सेटिंग ५.१ वर असेल तर संगीत मोठ्याने आणि बोलणं पुटपुटल्यासारखं येतं. 'डाउनमिक्स' किंवा 'स्टिरिओ' निवडलं की बोलणं वर येतं. अम्मी-अब्बांना 'ऐकू येत नाही' म्हणण्याआधी हे बघून घ्या.

अरबी तिलावत आणि उर्दू तर्जुमा एकाच डिस्कवर असेल तर डीव्हीडीत तो वेगळ्या ऑडिओ ट्रॅकवर ठेवता येतो. एका डीव्हीडीत असे ८ ट्रॅक आणि ३२ सबटायटल मावतात. रिमोटवरच्या 'ऑडिओ' बटणाने ते बदलतात. व्हीसीडीत ही सोय नसते. तिथे एक भाषा डाव्या चॅनलवर आणि दुसरी उजव्या चॅनलवर भरतात. दोन आवाज एकदम ऐकू येत असतील तर 'एल/आर' बटण दाबून एकच बाजू निवडा.

बाहेर यायची वाट

पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन पिनांच्या वायरीत पिवळी चित्राची, उरलेल्या दोन आवाजाच्या. याला 'कंपोझिट' म्हणतात. हिरवी, निळी, लाल असेल तर ती 'कंपोनंट'. ती फक्त चित्र नेते, पण कंपोझिटपेक्षा बरं नेते. आवाजासाठी लाल-पांढरी वेगळी लावावी लागते. दोन लाल पिना असतात, तिथेच गडबड होते. 'एचडीएमआय' एकाच वायरीतून चित्र आणि आवाज दोन्ही नेते.

नव्या टीव्हींमध्ये तीन पिनांची जागा कमी होत चालली आहे. काहींना हेडफोनसारखं एक बारीक भोक असतं, त्यावर 'एव्ही इन' लिहिलेलं असतं आणि टीव्हीसोबत आलेली छोटी जोडवायर तिथे लागते. तेही नसेल तर एव्हीचं एचडीएमआय करणारी डबी मिळते. टीव्ही बदलला म्हणून प्लेअर बाद झाला, असं होत नाही.

प्लेअरला यूएसबी असेल आणि पेन ड्राइव्ह वाचत नसेल तर दोन गोष्टी तपासा. पेन ड्राइव्ह 'फॅट-३२' पद्धतीने फॉरमॅट केलेला हवा. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. आणि जुने डीव्हीडी प्लेअर 'डिव्हएक्स'ची एव्हीआय फाइल चालवतात, पण मोबाइलची एमपी-४ बहुधा चालवत नाहीत.

पुसायची, उतरवायची, जपायची

डिस्क मऊ सुती कापडाने पुसा, मधून काठाकडे सरळ. गोल गोल पुसू नका, कारण गोल ओरखडा ओळीच्या ओळी खाऊन टाकतो. सीडीत माल लेबलच्या लगेच खाली असतो, म्हणून लेबलच्या बाजूचा ओरखडा अधिक घातक. बॉलपेनने लिहू नका, कागदी स्टिकर लावू नका.

मग ती कॉम्प्युटरवर उतरवा. डीव्हीडी ड्राइव्ह नसेल तर यूएसबीला लागणारा बाहेरचा ड्राइव्ह मिळतो. डीव्हीडीत 'व्हिडिओ टीएस' नावाचा फोल्डर असतो, तो सगळाच्या सगळा कॉपी करा, त्यातली एखादी फाइल नव्हे. व्हीसीडीत 'एमपेग एव्ही' फोल्डरमधली 'डॅट' फाइल घ्या. व्हीएलसी हा मोफत प्लेअर दोन्ही चालवतो. मोबाइलवर बघायला एमपी-४ करायची असेल तर हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर आहे. पण एमपी-४ झाली म्हणून मूळ फोल्डर पुसू नका, कारण पुन्हा दाबताना दर्जा थोडा जातोच.

सगळ्यात मोठा धोका ऑडिओ सीडीत आहे. विंडोजमध्ये उघडली की 'ट्रॅक ०१ डॉट सीडीए' अशा फाइली दिसतात, प्रत्येकी जेमतेम १ केबीच्या. लोक त्या पेन ड्राइव्हवर ओढतात, काम झालं समजतात आणि सीडी टाकून देतात. त्या फाइलींत आवाज नसतोच. गाणं कुठे सुरू होतं याची ती नुसती पाटी आहे. ऑडिओ सीडी 'रिप' करावी लागते. व्हीएलसी किंवा विंडोज मीडिया प्लेअरमध्ये ही सोय आहे. उतरवलेली फाइल सीडी बाहेर काढून वाजवून बघा आणि मगच निश्चिंत व्हा.

एक गोष्ट आपल्या घरांच्या दृष्टीने महत्त्वाची. निकाहच्या शूटिंगमध्ये जनानखान्याचंही चित्रण असतं. ते रूपांतरासाठी दुकानात दिलं की त्याची एक प्रत दुकानाच्या कॉम्प्युटरवर राहू शकते. शक्यतो हे काम घरातल्या मुलामुलींनी घरीच करावं. दुकानात द्यावंच लागलं तर समोर बसून करून घ्या आणि प्रत पुसायला लावा. उतरवल्यावर कुणालाही दिसेल असं इंटरनेटवर टाकण्याआधी त्यातल्या बायकांना विचारा. ही त्यांची अमानत आहे.

उतरवलेली फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, एक आपल्याकडे आणि एक भाऊ-बहिणीकडे. फाइलला नुसतं 'न्यू फोल्डर' नाव देऊ नका. कुणाचा निकाह, कुठलं गाव, कुठलं साल, हे लिहा. आवाज कुणाचा आहे ते माहीत असलेली माणसं घरात आहेत तोवर त्यांना विचारून तेही लिहून घ्या. येत्या सुट्टीत कपाटातल्या डिस्क एकदा बाहेर काढा. जांभळट झाकेच्या डिस्क आधी घ्या, कारण वेळ त्यांच्याकडेच सगळ्यात कमी आहे.